कॉलेजकडून वाजवी सोयी मिळवताना: दिव्यांग आणि ऑटिस्टिक विद्यार्थ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

दर ऑक्टोबरला आणि दर मार्चला ठाण्यापासून खारघरपर्यंतच्या कॉलेजांमध्ये तेच घडते. हॉल तिकीट हातात आले, पेपरला आठ दिवस उरले की आई-बाबा मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी उभे राहतात. खिडकीतून विचारले जाते, "आधी का नाही सांगितलं?" मग धावपळ, कोणाची तरी ओळख, तोंडी आश्वासन. पेपरच्या दिवशी वर्गावर आलेल्या पर्यवेक्षकाला मात्र त्यातले काहीच माहीत नसते.

यात बहुतेक वेळा कॉलेजचा हेतू वाईट नसतो आणि घरच्यांची तळमळही कमी नसते. चुकतो तो क्रम. प्रमाणपत्र दाखवले की सोयी आपोआप मिळतील असे गृहीत धरले जाते. प्रमाणपत्र फक्त दिव्यांगत्व सिद्ध करते. कॉलेजने नेमके काय करायचे हे त्यात कुठेही लिहिलेले नसते. ते तुम्हाला सांगावे लागते, वेळेवर, लेखी आणि योग्य टेबलावर.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. प्रवेश झाल्यापासून पहिल्या महिन्यात पहिले पाच टप्पे उरकले तर बाकीचे सोपे जातात. सेमिस्टर अर्ध्यावर आले असेल तरी पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करा, फक्त वेग वाढवा.

## टप्पा १: आधी गरजांची यादी करा

कागदपत्रांना हात लावण्याआधी विद्यार्थ्याने स्वतः, हवे तर घरच्यांबरोबर बसून, कॉलेजचा एक पूर्ण दिवस मनात फिरवावा. घरातून निघणे, स्टेशन, लोकल, गेट, जिना, वर्ग, प्रॅक्टिकल, कँटीन, लायब्ररी, परतीचा प्रवास. कुठे अडते ते लिहायचे. रोगाचे किंवा निदानाचे नाव लिहायचे नाही, अडचण लिहायची.

"मला ऑटिझम आहे" या वाक्याने प्राध्यापकाला काहीच कळत नाही. "वर्गात तीन-चार जण एकाच वेळी बोलू लागले की सर काय म्हणाले ते मला पकडता येत नाही" यातून लगेच कळते. अडचण लिहून झाली की तिच्यासमोर मागणी लिहा. काही नमुने:

- तोंडी सूचना हातातून निसटतात: असाइनमेंटचा विषय, शब्दसंख्या आणि शेवटची तारीख लेखी मिळावी.
- वेळापत्रक किंवा वर्गखोली अचानक बदलली की दिवस कोलमडतो: बदल आदल्या दिवशी, निदान सकाळी, मेसेजवर कळावा.
- ट्यूबलाइटची फडफड आणि पंख्याची घरघर सहन होत नाही: बसायला ठरलेली जागा, कानात इअरप्लग किंवा आवाज कमी करणारा हेडफोन घालायची परवानगी.
- व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पटकन बोलता येत नाही: प्रश्न लेखी मिळावा, विचार करायला वेळ मिळावा, समोर एकच परीक्षक असावा.
- हाताने सलग लिहिता येत नाही: लेखनिक (आपण सांगितलेले उत्तर लिहून देणारा), किंवा संगणकावर उत्तरे.
- व्हीलचेअर किंवा कॅलिपर: वर्ग तळमजल्यावर, लिफ्ट चालू, जवळ वापरता येईल असे स्वच्छतागृह.
- कमी दृष्टी: मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका, पीपीटी वर्गाच्या आधी.
- ऐकण्यात अडचण: पुढच्या बाकावर जागा, शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, ऑनलाइन तासाला कॅप्शन (बोललेले पडद्यावर अक्षरांत) चालू.

यादी मोठी झाली तर तिचे दोन भाग करा: ज्यांच्याशिवाय शिकणे किंवा परीक्षा देणे जमणारच नाही त्या सोयी, आणि ज्यांनी बरेच सुकर होईल त्या. बैठकीत वेळ कमी पडला तर आधी पहिला भाग बोलता येतो.

सावधान: शाळेत दहावी-बारावीला मिळालेल्या सवलतींची यादी जशीच्या तशी उतरवू नका. बोर्डाच्या सवलती बोर्डापुरत्या असतात. विद्यापीठाचे नियम वेगळे, शिकवण्याची पद्धत वेगळी. शाळेत व्हायव्हा, प्रोजेक्ट, इंटर्नशिप यांचा एवढा भाग नसतो, त्यामुळे शाळेच्या यादीत त्यांचा उल्लेखही नसतो.

## टप्पा २: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. त्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) आहे, मानसिक आजार आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, अतिचंचलता असते ती अवस्था) स्वतंत्र नोंद त्यात नाही. ज्या मुलांना ऑटिझम किंवा अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही आहे, त्यांनी तपासणीत दोन्हींबद्दल सांगावे.

प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचे केंद्र सरकारी ओळखपत्र) अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते जुने अहवाल स्कॅन करून ठेवा. अर्जात रुग्णालय निवडावे लागते, मग तपासणीसाठी जावे लागते. ठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय हे नेहमीचे ठिकाण आहे. जुन्या जागी नव्या इमारतीचे काम निघाल्यावर तिथले विभाग मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले गेले, म्हणून जाण्याआधी दिव्यांग तपासणी कोणत्या वारी आणि कोणत्या इमारतीत होते हे फोन करून विचारा. ऑटिस्टिक मुलाला चुकीच्या रांगेत दोन तास उभे करून मग तपासणीला नेले तर त्या दिवशी तो नीट बोलू शकणार नाही, आणि अहवालात तेच उतरेल.

ऑटिझमसाठी तपासणीत आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० प्रश्न असतात आणि बरेचसे लहानपणापासूनच्या वागण्याबद्दलचे असतात. म्हणून वय १९ असले तरी बरोबर आई, बाबा किंवा ज्याने लहानपण पाहिले आहे असे कोणीतरी हवे. मुलींच्या बाबतीत हे विशेष सांगावेसे वाटते. अनेक मुली वर्षानुवर्षे इतरांची नक्कल करून निभावून नेतात आणि तपासणीच्या खोलीतही तेच करतात. घरी आल्यावर काय होते, किती तास त्या अंधारात पडून राहतात, हे सांगणारे माणूस बरोबर असले पाहिजे.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रात वयाची अट लक्षात ठेवा. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होत असे आणि १८ व्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालत असे; २०२४ मध्ये नवी तत्त्वे आली, म्हणून सध्याची अट रुग्णालयात विचारा. दहावीच्या वेळी, म्हणजे १५ व्या वर्षी काढलेला कागद घेऊन पदवीच्या वर्गात आलेली मुले इथेच अडकतात.

तपासा: आधार, बारावीची गुणपत्रिका आणि यूडीआयडी, तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का? वडिलांचे नाव मध्ये एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्या फरकावरून परीक्षा विभागाने अर्ज परत पाठवलेले पाहिले आहेत.

टक्केवारी ४० च्या खाली आली म्हणून घरी बसू नका. ४० टक्के ही अट आरक्षण आणि काही ठरावीक योजनांसाठी आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केले की वाजवी सोयींचा हक्क ४० टक्क्यांवरच्यांपुरता मर्यादित नाही. तो उमेदवार लेखनिक मागत होता आणि त्याला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्र सरकारने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्यासाठी सरकारी वैद्यकीय मंडळाचे ठरावीक नमुन्यातले पत्र लागते. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच मागा.

यूडीआयडी अजून हातात नसेल तर अर्जाची पावती आणि जुना निदान अहवाल जोडून पुढे चला. रोजच्या वर्गातल्या सोयींसाठी कार्डाची वाट पाहत बसण्याची गरज नाही.

## टप्पा ३: डॉक्टरांकडून किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून गरजेचे पत्र

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोग यानेच होतो. प्रमाणपत्र "काय आहे" सांगते. हे पत्र "म्हणून काय हवे" सांगते. एकच पान हवे. त्यात तीन गोष्टी: कोणती कामे अवघड जातात, कोणत्या परिस्थितीत त्रास वाढतो, आणि कोणत्या सोयी सुचवल्या आहेत. तुमची टप्पा १ ची यादी बरोबर न्या आणि तज्ज्ञांना दाखवा, म्हणजे पत्रातल्या आणि अर्जातल्या मागण्या जुळतील.

संपूर्ण मानसशास्त्रीय अहवाल कॉलेजला देऊ नका. त्यात बुद्ध्यांकापासून घरच्या भांडणांपर्यंत सगळे असते आणि तो ऑफिसच्या उघड्या फाइलीत कोणाच्याही हाती पडू शकतो. एका पानाचे पत्र आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स पुरते.

## टप्पा ४: कोणत्या टेबलावर जायचे ते शोधा

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. परीक्षा दोन प्रकारच्या असतात: कॉलेज स्वतः घेते त्या आणि विद्यापीठ घेते त्या. साधारणपणे पदवीच्या सुरुवातीच्या सेमिस्टरच्या परीक्षा कॉलेजात होतात आणि शेवटच्या सेमिस्टरच्या विद्यापीठाच्या असतात. स्वायत्त कॉलेज आपल्या परीक्षा स्वतःच घेते. नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांचा आणि खासगी विद्यापीठांचा कारभार त्यांचा त्यांचा. कॉलेजने पहिली दोन वर्षे दिलेली सोय तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेला आपोआप लागू होत नाही. तिथे वेगळा प्रस्ताव कॉलेजमार्फत जावा लागतो.

म्हणून या तीन जागी चौकशी करा:

- समान संधी कक्ष किंवा दिव्यांग कक्ष. कॉलेजच्या संकेतस्थळावर किंवा प्रॉस्पेक्टसमध्ये समन्वयकाचे नाव असते. नसले तर प्राचार्यांच्या कार्यालयात विचारा.
- विभागप्रमुख आणि वर्गशिक्षक. वर्ग, प्रॅक्टिकल, इंटर्नल (कॉलेजांतर्गत परीक्षा) आणि हजेरी यांचे निर्णय यांच्या हातात असतात.
- परीक्षा विभाग. जादा वेळ, लेखनिक, वेगळी खोली. यांच्या अर्जाची शेवटची तारीख परीक्षा फॉर्मच्या तारखेच्या आसपास असते, पेपरच्या आसपास नाही.

परीक्षा विभागाकडे आणखी एक मागणी करा: दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींचे सध्या लागू असलेले परिपत्रक. खिडकीवरची माणसे अनेकदा जुन्या आठवणीवर उत्तर देतात. लेखनिकाचे शिक्षण किती असावे, तो कोणी आणायचा, हे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. गेल्या वर्षी सीनियरने काय केले यावर विसंबू नका, या वर्षीचा कागद हातात घ्या.

## टप्पा ५: अर्ज लिहा आणि पोच घ्या

एकच अर्ज, प्राचार्यांच्या नावे. प्रत समान संधी कक्ष, विभागप्रमुख आणि परीक्षा विभागाला. विनवणीची भाषा नको आणि धमकीचीही नको. नमुना असा:

> प्रति, माननीय प्राचार्य
> विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ अन्वये वाजवी सोयींबाबत
>
> महोदय/महोदया,
> मी (नाव), (वर्ग व तुकडी), रोल नंबर ( ). माझा यूडीआयडी क्रमांक ( ). मला पुढील कामांत अडचण येते: (तीन-चार ओळी).
> त्यासाठी मला पुढील सोयी हव्या आहेत:
> अ) वर्गात आणि प्रॅक्टिकलमध्ये: ...
> आ) इंटर्नल, प्रोजेक्ट आणि व्हायव्हासाठी: ...
> इ) सेमिस्टर परीक्षेसाठी: ...
> याबाबत आपल्याशी आणि संबंधित शिक्षकांशी बैठक व्हावी आणि निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती.
> माझ्या दिव्यांगत्वाची माहिती ज्यांना कामासाठी आवश्यक आहे त्यांनाच द्यावी.
> सोबत: प्रमाणपत्र, तज्ज्ञांचे पत्र.

सही विद्यार्थ्याची. तो किंवा ती १८ वर्षांची आहे, कॉलेज त्यांच्याशी व्यवहार करणार आहे. आई-बाबांनी मसुदा करून द्यावा, बरोबर जावे, पण अर्ज स्वतःच्या नावे देऊ नये.

आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोच अर्ज पीडीएफ करून कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. "ठेवून जा, मॅडम बघतील" असे म्हटले तरी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे काही बिनसले तर तुमच्या बाजूने बोलणारा हा एकच कागद असेल.

सावधान: "आम्ही विनाअनुदानित आहोत, आम्हाला हे लागू नाही" असे उत्तर मिळू शकते. कायद्याचे कलम १६ सरकारी अनुदान असलेल्या आणि सरकारी मान्यता असलेल्या, अशा दोन्ही संस्थांबद्दल बोलते आणि व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय देण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पाच टक्के आरक्षणाचे कलम ३२ मात्र सरकारी आणि अनुदानित संस्थांपुरते आहे. या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही बाजूंनी होते.

## टप्पा ६: बैठक

बैठकीत तुमची यादी समोर ठेवा आणि एकेक मागणी वाचा. प्रत्येकीसमोर "हो", "नाही" किंवा "वेगळ्या प्रकारे" असे तिथेच लिहा. कायद्यात वाजवी सोय म्हणजे आवश्यक आणि योग्य असा बदल, ज्याने संस्थेवर अवाजवी भार पडत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट मिळेलच असे नाही. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, अशा इमारतीत कॉलेज उद्या लिफ्ट बसवू शकणार नाही. पण तुमच्या तुकडीचे तास तळमजल्यावर घेणे त्यांना शक्य असते, आणि तेच मागा. पर्याय मनात तयार ठेवून गेलेला विद्यार्थी बहुतेक वेळा काहीतरी घेऊन बाहेर पडतो.

ऑटिस्टिक विद्यार्थ्याला पाच-सहा प्राध्यापकांसमोर बसून बोलणे हेच जड जाते. बैठकीची जागा, वेळ, कोण असणार आणि साधारण काय विचारणार हे आधी लेखी मागवा. बोलणे थांबले तर लिहून उत्तर देण्याची मुभा मागा. बरोबर एक विश्वासाचे माणूस न्या, आणि त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की प्रश्न विद्यार्थ्याला विचारला तर उत्तर त्यानेच द्यायचे.

इथे चार विषय हमखास राहून जातात:

हजेरी. ७५ टक्क्यांची अट जवळजवळ सगळीकडे आहे. उपचार, थेरपी किंवा अतिताणामुळे पुढे गैरहजेरी होऊ शकते हे आत्ताच नोंदवून ठेवा. डिफॉल्टर यादी लागल्यावर आणलेले मेडिकल सर्टिफिकेट कोणी गांभीर्याने घेत नाही.

ग्रुप प्रोजेक्ट. गट शिक्षकांनी ठरवावा आणि कामाची वाटणी लेखी असावी, किंवा एकट्याने करण्याची परवानगी मिळावी. "तुम्ही आपापसांत ग्रुप करा" या एका वाक्यामुळे काही मुले सबंध सेमिस्टर एकटी पडतात.

व्हायव्हाचा बाहेरचा परीक्षक. तो दुसऱ्या कॉलेजातून येतो आणि त्याला काहीच ठाऊक नसते. नजरेला नजर न देणारा, थांबून बोलणारा विद्यार्थी त्याला तयारी न करून आलेला वाटतो. विभागप्रमुखांनी त्याला आधी कल्पना द्यायची, हे बैठकीच्या नोंदीत लिहून घ्या.

फार ताण आला तर काय. मेल्टडाउन (अतिताणाने स्वतःवरचा ताबा सुटणे) झाल्यास बसायला शांत जागा कोणती, फोन कोणाला करायचा, अंगाला हात लावायचा की नाही, भोवती घोळका होऊ नये म्हणून कोण उभे राहील. हे चार ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.

## टप्पा ७: लेखी उत्तर आणि पहिले दोन आठवडे

बैठकीनंतर दोन दिवसांत आभाराचा ईमेल पाठवा आणि त्यात ठरलेल्या गोष्टी क्रमाने लिहा: "आज झालेल्या चर्चेप्रमाणे पुढील सोयी मान्य झाल्या असे मी समजतो/समजते." कॉलेजने लेखी आदेश काढला तर उत्तमच. नाही काढला तरी तुमची नोंद राहते.

मग दोन आठवडे फक्त पाहा. कोणत्या तासाला सोय मिळते, कोणत्या नाही. एखाद्या शिक्षकांपर्यंत माहिती पोचलेलीच नसते. तास संपल्यावर वर्गासमोर बोलू नका. स्टाफरूममध्ये किंवा मेसेजवर पत्राची प्रत द्या.

सावधान: वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "अमुक अमुक स्पेशल आहे, सगळ्यांनी सांभाळून घ्या" असा मेसेज टाकायला कोणालाही परवानगी देऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

## टप्पा ८: परीक्षेची व्यवस्था, लेखनिक आणि जादा वेळ

परीक्षा फॉर्म भरतानाच दिव्यांग असल्याची नोंद करा आणि सवलतीचा वेगळा अर्ज द्या. फॉर्मवर खूण केली म्हणजे अर्ज झाला असे होत नाही.

जादा वेळेचा हिशेब सोपा आहे. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटे (२०२५ मध्ये केंद्र सरकारने नवी तत्त्वे काढली, म्हणून परीक्षा विभागाकडून सध्याचा नियम पाहून घ्या). दोन तासांच्या पेपरला ४०, अडीच तासांच्या पेपरला ५०, तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटे. सर्वांत मोठा गैरसमज असा की लेखनिक घेतला तरच जादा वेळ मिळतो. स्वतः लिहिणाऱ्या ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थींनाही जादा वेळेची तरतूद २०१८ च्या तत्त्वांतही होती.

लेखनिकाबाबत २०१८ च्या तत्त्वांत दोन गट केले होते. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणे किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर मागितल्यावर लेखनिक मिळे. इतरांना लिहिता येत नसल्याचे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे ठरावीक नमुन्यातले पत्र लागे. ऑटिस्टिक विद्यार्थी या दुसऱ्या गटात येत, म्हणून नुसत्या यूडीआयडीवर त्यांना लेखनिक मंजूर होत नसे.

लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा केंद्राकडून घ्यायचा, हा निर्णय महत्त्वाचा आहे. केंद्राने दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून पारखण्याची संधी मिळाली पाहिजे. स्वतः आणला तर त्याच्या शिक्षणाचे पुरावे, ओळखपत्र, फोटो आणि हमीपत्र आधी मंजूर करून घ्या. माझा आग्रह असा की एक राखीव माणूसही तयार ठेवावा आणि त्याचीही कागदपत्रे जमा करावीत. सकाळी लेखनिकाला ताप आला किंवा त्याची लोकल दिवा स्टेशनला अडकली, तर त्या क्षणी नवे नाव कोणी मंजूर करणार नाही. भाषेच्या पेपरला वेगळा लेखनिक मागता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या लेखनिकाला अकाउंट्स उत्तम लिहिता येते, पण हिंदीच्या पेपरला तो अडखळू शकतो.

लेखनिकाबरोबर निदान तीन जुने पेपर वेळ लावून सोडवा. सांगणाऱ्याने "नवा परिच्छेद", "अधोरेखित", "आकृतीसाठी अर्धे पान सोड" असे सांगायची सवय लावायची असते आणि लिहिणाऱ्याने मनाचे न घालण्याची. ज्याने आयुष्यभर स्वतः लिहिले त्याला बोलून उत्तर बांधणे पहिल्या दिवशी जमत नाही.

ऑटिस्टिक विद्यार्थ्यांना अनेकदा लेखनिक नकोच असतो. त्यांना हवी असते वेगळी शांत खोली, ठरलेले बाक आणि मध्ये थोडे थांबण्याची मुभा. अर्जात खोलीबद्दल स्पष्ट लिहा: रस्त्याकडेला नको, जनरेटरजवळ नको, आणि परीक्षा गणपतीच्या किंवा नवरात्रीच्या आसपास असेल तर मंडपाच्या बाजूला नको. लेखनिक असेल तर त्यालाही वेगळी खोलीच लागते, कारण उत्तर मोठ्याने सांगायचे असते.

तपासा:

- मंजुरीचे पत्र हातात आहे का, आणि त्यात प्रत्येक सोय वेगळी लिहिली आहे का?
- एका दिवशी दोन पेपर असतील तर जादा वेळ धरून पहिला कधी संपतो आणि दुसरा कधी सुरू होतो?
- इंटर्नल आणि एटीकेटीच्या (राहिलेल्या विषयांच्या) परीक्षेलाही मंजुरी आहे का, की फक्त मुख्य परीक्षेला?
- संगणक वापरणार असाल तर आदल्या दिवशी तो चालवून पाहायला मिळणार का?

## टप्पा ९: केंद्र दुसरीकडे आले तर

विद्यापीठाच्या परीक्षेला केंद्र आपल्याच कॉलेजात मिळेल असे नाही. हॉल तिकिटावर केंद्राचे नाव दिसताच त्याच दिवशी आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला विचारा की मंजुरीचे पत्र त्या केंद्राला पोचले का. मग स्वतः पत्राची प्रत घेऊन केंद्रावर जा, केंद्रप्रमुखांना भेटा, खोली पाहा. जिना, स्वच्छतागृह, पंखा, खिडकी.

प्रवासाची रंगीत तालीम कामाच्या दिवशी आणि पेपरच्याच वेळेला करा. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि गर्दीही वेगळी असते, त्या तालमीचा काही उपयोग नाही. ट्रान्स हार्बरवर ठाण्याहून नेरुळ किंवा खारघरकडे जाताना गाडी कोणत्या फलाटावर येते, दिव्यांगांचा डबा कुठे थांबतो, आणि गाडी चुकली तर दुसरा रस्ता कोणता, हे कागदावर लिहा. जादा वेळेमुळे पेपर उशिरा सुटतो, तेव्हा परतीला संध्याकाळची गर्दी लागू शकते. त्या दिवशी घरच्यांपैकी कोणी न्यायला येणार का ते आधी ठरवा.

## टप्पा १०: पेपरच्या दिवशी

पाऊण तास आधी पोचा. मंजुरीचे पत्र, यूडीआयडी, लेखनिकाचे ओळखपत्र यांच्या दोन-दोन प्रती ठेवा. पर्यवेक्षकाला सुरुवातीलाच पत्र दाखवा आणि पेपर किती वाजता संपणार हे फळ्यावर किंवा कागदावर लिहून घ्या. मूळ वेळेची घंटा झाली की कधी कधी उत्तरपत्रिका ओढून घेतली जाते. अशा वेळी वाद न घालता पत्रावरची वेळ दाखवा आणि केंद्रप्रमुखांना बोलावण्याची विनंती करा. बोलता येत नसेल तर आधीच लिहून आणलेले कार्ड पुढे करा: "मला जादा वेळ मंजूर आहे. कृपया केंद्रप्रमुखांना बोलवा."

पहिल्या पेपरला जे बिघडले ते त्याच संध्याकाळी ईमेलने कळवा. दुसऱ्या पेपरला तेच होऊ नये यासाठी तो ईमेल आहे.

पुढच्या सेमिस्टरला नवा अर्ज द्या, जुन्या मंजुरीची प्रत जोडून. काय उपयोगी पडले आणि काय नाही, ते त्यात दोन ओळींत लिहा.

## टप्पा ११: नकार मिळाला किंवा उत्तरच आले नाही

पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर पोच जोडून स्मरणपत्र द्या. नकार तोंडी असेल तर कारण लेखी मागा. नुसते लेखी मागितल्यावर अनेक नकार मागे घेतले जातात, कारण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वाजवी सोय नाकारणे हाही भेदभाव ठरतो.

त्यानंतरची पायरी विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांनुसार अशी समिती प्रत्येक कॉलेजात असायला हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान न झाल्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते आणि त्यांनी ३० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. अनुदानित कॉलेज किंवा विद्यापीठ असेल तर आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे माहिती अधिकारातही विचारता येते. त्याची मुदत ३० दिवस.

याने भागले नाही तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त ठेवा: अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, बैठक कधी झाली, काय मान्य झाले, काय मिळाले नाही. एक पान, मागे प्रती.

तक्रार चालू असताना पेपर मात्र बुडवू नका. "तक्रारीचा निर्णय होईपर्यंत या सोयी तात्पुरत्या द्याव्यात" असा वेगळा अर्ज परीक्षा विभागाला आणि समितीला एकाच दिवशी द्या आणि मिळेल त्या सोयीसह परीक्षेला बसा. त्या दिवशी किती वाजता पेपर मिळाला, किती वाजता काढून घेतला, खोली कोणती होती आणि पर्यवेक्षक कोण होते, हे बाहेर आल्यावर लगेच लिहून ठेवा आणि तक्रारीला जोडा.